घरचीच गाठ

राहीबाईंना दर तीन आठवड्यांनी सांगलीला सलाईन लावायचं असे. रिटायर सुभेदार नाथाजी गावात सांगत, "हिचा गुडघा धरलाय." छाती हा शब्द ते फक्त लढाईच्या गोष्टींत वापरत.

डॉक्टरांनी समजावलं, "शरीरातले सैनिक कॅन्सरच्या गाठीला घरचीच समजून गप्प बसतात. हे औषध त्यांना कामाला लावतं."

"आवं, सैनिक आपल्या घरात बी गप्पच हाय की," राहीबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांनी सगळ्या बायकांपुढं सांगून टाकलं, "गुडघा ठणठणीत हाय. मला छातीचा कॅन्सर हाय, इलाज चाललाय."

बायका वाण घेऊन पटापट पांगल्या. धाकटी जाऊ तेवढी मागं रेंगाळली.

"आक्का, पुढच्या खेपेला मला बी न्या. गाठ येऊन वरीस झालं."