तात्याच्या उड्या

"तात्याला मरू द्या," ती म्हणाली आणि बाहीचं बटण पक्कं बसलंय का ते ओढून बघू लागली.

शर्टाच्या कारखान्यातली यंत्रं जेवणाच्या सुट्टीसाठी नुकतीच थांबली होती. बटणांच्या टेबलाभोवती डबे उघडले होते आणि विषय अर्थातच एक. मालिकेतला ड्रायव्हर तात्या आगीत सापडला होता. त्याला वाचवायचं की जाऊ द्यायचं, हे वाहिनीने प्रेक्षकांवर सोपवलं होतं. मतदान संध्याकाळी बंद होणार होतं.

"तुमचं काय घोडं मारलंय त्याने?" कटिंग मास्तरांनी विचारलं.

सगळे हसले. तात्याचं नाव निघालं की ही मोडता घालणार हे ठरलेलंच होतं. म्हणून तर कारखान्यात तिला बिब्बा म्हणत.

मास्तर तात्याचे कट्टर भक्त. नायक नुसता मुळूमुळू रडतो, मालिका तात्याच ओढतो, असं त्यांचं म्हणणं. गच्चीवरून उडी, धावत्या ट्रकवरून उडी, आणि ह्या सगळ्या तो नट स्वतः मारतो. मुलाखतीत त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

"फाजील कौतुक आहे," ती म्हणाली. "झुपकेदार मिशी आणि उड्या, दुसरं काय येतं त्याला? आधी महिन्याला एक उडी होती. तुम्ही टाळ्या वाजवता, म्हणून ते दर आठवड्याला घालतात."

"मग चांगलंच आहे की."

तिने घास गिळला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बोलायची सोय नव्हती.

तिचं डोकं कालपासून ठिकाणावर नव्हतं. नवऱ्याची कंबर पुन्हा धरली होती. तो गोदामात पोती उचलतो, एवढंच कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून स्पष्ट सांगितलं होतं, यापुढे एक जरी जोराचा हिसका बसला तर माणूस उभा राहायचा नाही. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, काम सोडून खायचं काय? तिने मिनतवाऱ्या केल्या, अबोला धरला, पण तो आपल्या म्हणण्यावर ठाम.

"घरचा राग त्या बिचाऱ्या तात्यावर कशाला काढतेस?" इस्त्रीवाल्या मावशी हळूच म्हणाल्या.

मावशींनी अजून मत दिलेलं नव्हतं. सुट्टी संपल्यावर ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. आठवडाभर तुमचे गठ्ठे मी उचलीन, म्हणाली, पण एवढं एक मत माझ्या म्हणण्याप्रमाणे द्या.

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, वेडबिड लागलंय का तुला? खोटा माणूस तो."

"द्या ना, मावशी."

"नाही गं बाई. दिवसभर उभं राहून माझ्या गुडघ्यांचा भुगा होतो. रात्री तो उडी मारतो ना, तेवढा वेळ मी दुखणं विसरते." त्यांनी तिच्यादेखत फोन काढला आणि तात्याला वाचवलं.

तिला त्यांचा रागही येईना. एका मताने काय होणार होतं म्हणा. तरी जागेवर परत येताना तिचे डोळे भरून आले, आणि पुढची दोन बटणं उलटी लागली.

सुटायच्या वेळेला निकाल आला. मास्तरांनी कात्री टेबलावर आपटून सगळ्यांना ऐकवला. तात्या भरघोस मतांनी वाचला होता. कोणीतरी तिच्यासमोर पेढ्याऐवजी गोळी धरली. तिने ती घेतली, वरचा कागद सोडवला आणि तोंडात टाकली.

घरी नवरा कंबरेखाली उशी घेऊन जमिनीवर पडला होता. टीव्ही चालू होता.

"कळलं?" त्याने विचारलं.

"कळलं."

"चला, पोटाची चिंता मिटली. रविवारी बोलावलंय. दुसऱ्या मजल्यावरून आहे."

ती आतून तेलाची बाटली आणि कापूस घेऊन आली, त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या ओठावर कालपासून डिंकाने चिकटून राहिलेले तात्याच्या मिशीचे केस नेहमीसारखे एकेक करून सोडवू लागली.