टकले टायर

"हे टकले टायर लावू मी? माह्या गाडीले?"

नागसेननं कय्यूमचाचाच्या दुकानातला टायर बुटानं ढकलून दिला. टायर गोल फिरला आणि परत त्याच्याच पायाशी येऊन पडला.

गाडी त्याची एकट्याची नव्हती. जुनी लाल मारुती, धाकट्या बहिणीबरोबर, मंजुश्रीबरोबर भागीदारीत घेतलेली. पण 'आमची गाडी' हे दोन शब्द नागसेनच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत. रविवारी मोताळ्याच्या बाजूला, कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात शर्यत होती. सिमेंटच्या पटांगणात नारिंगी शंकू मांडायचे, एकेका गाडीनं त्यांच्यामधून वळणं घेत दोन फेऱ्या मारायच्या, घड्याळात ज्याचा वेळ कमी तो पुढं. ऑटोक्रॉस म्हणतात म्हणे याला. एका गाडीवर दोघांनी नाव दिलं तरी चालत होतं, पण पुढं नागपूरला दोघांतला एकच जाणार होता. अट नागसेननंच घातली होती: जो मागं पडेल, त्यानं नागपूरला जॅक धरून उभं राहायचं. जॅक कोण धरणार, याची त्याला शंकासुद्धा नव्हती.

आणि तयारी? काही विचारू नका! अर्ध्या बोटांचे हातमोजे आणले होते. परदेशातल्या शर्यतींचे व्हिडिओ पाहून पाहून मोबाईल गरम केला होता. मागच्या काचेवर स्वतःचं नाव इंग्रजीत, चंदेरी अक्षरांत चिकटवलं होतं. मंजुश्रीजवळ यातलं काहीच नव्हतं. ती बिचारी चार वर्षं धामणगाव बढ्याहून बुलढाण्याच्या कचेरीत जात होती, याच गाडीनं, रोज राजूर घाट चढून. पण घाट चढणं म्हणजे काय गाडी चालवणं झालं? छे!

नागसेनला पुण्याहून मागवायचे टायर पाहिजे होते. तसल्या चार टायरांच्या किमतीत असली दुसरी मारुती आली असती. खिशात तेवढं नव्हतं, म्हणून तर साहेब या दुकानात उभे होते. आणि तरी नाक वर.

मंजुश्री टायरजवळ खाली बसली. टायर कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते सांगणारे चार आकडे तिनं बाजूवर शोधून वाचले. मग रबरात नख रोवलं. खूण उमटली.

"मऊ हाये," ती म्हणाली. "अन् सालही जुनं नाही. चाचा, कोनाचे होते?"

"बुलढाण्याच्या एका डॉक्टरचे. नक्षी निम्मी झिजली म्हनून काढून टाकले. पान्यात कामाचे नाहीत, खोटं काऊन सांगू? पन कोरड्या सिमेंटवर नक्षीचं काय काम बाई? तिथं रबर टेकलं पाह्यजे." कय्यूमचाचांनी नागसेनकडं बोट केलं. "एक गोष्ट ध्यानात ठेवजो बापा. हे थंडे असले तं फसवते. तापले की मंग जमीन सोडत नाही."

नागसेन खो खो हसला. "टायर हाय का चहा, चाचा? तापवून प्याले?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. त्यामुळं त्याला आपण फार शहाणं बोललो असं वाटलं. टायर मंजुश्रीनं घेतले.

रविवारी सकाळी सातला, ऊन तापायच्या आत सगळं उरकायचं म्हणून, शर्यत मांडली होती. कापसाचा हंगाम आटोपला होता. पटांगण झाडून लख्ख, कोरडं, पण रात्रीचं गारेगार. आयोजक गुलाबरावांच्या हातात नारळ होता, आणि ज्या गाडीपुढं नारळ फुटणार ती पहिली सुटणार होती. नागसेननं आदल्या दिवशीच तो मान मागून घेतला होता.

मंजुश्री खिडकीशी आली. "दादा, पहिले मी जाऊ का? तू मागून जाय. चाचा काय म्हनले होते..."

"तुह्या मागून? अन् लोकं काय म्हनतीन?" त्यानं हातमोजे ओढले. "पहिला मान मोठ्याचा. तू फोटो काढ."

तिनं फोटो काढला. नारळ फुटला. नागसेन सुटला.

पहिल्याच वळणावर गाडीचं बूड घसरलं आणि दोन शंकू उडाले. तिसरा गाडीखाली अडकला तो अर्ध्या पटांगणभर घासत गेला. टायर असे किंचाळत होते की कुंपणावरचे कावळे उठले. दुसऱ्या फेरीत मात्र गाडी जरा माणसात आली. शेवटचं वळण तर तिनं अगदी सुरेख घेतलं. नागसेनला वाटलं, आता बसला आपला हात! पण तोवर रेघ आली होती. पाडलेल्या शंकूंचा दंड धरून एक मिनिट एकवीस सेकंद.

तो उतरला आणि त्यानं टायरला लाथ घातली. "भंगार!"

मंजुश्री इंजिन बंद होऊ न देता आत बसली. तिनं पदर खोचला, आरसा सारखा केला आणि निघाली. एक शंकू हलला नाही. टायरही फारसे ओरडले नाहीत. राजूर घाटातल्या वळणांसारखी तिनं ती वळणं घेतली आणि थांबली. एक मिनिट सहा.

"घड्याळ तपासा!" नागसेन गुलाबरावांच्या अंगावर धावून गेला. "गाडी तेच, टायर तेच, मंग पंधरा सेकंद कुठून आले बे?"

गुलाबरावांनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. मंजुश्रीनं डिकी उघडली, जॅक काढला आणि दादाच्या पायाशी ठेवला. तिला हसू येत होतं, पण तिनं ते दाबलं.

शर्यत पाहायला आलेले कय्यूमचाचा गाडीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी पुढच्या टायरवर तळवा टेकवला आणि झटकन मागं घेतला.

"चहा तूच तापवला बापा," ते नागसेनला म्हणाले. "पिला मंजुश्रीनं."