बर्फातली दुलई

आमच्या ह्यांनी तेवीस वर्षं ज्यावर गाडी चालवली, तो रेल्वेमार्ग खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबच्या प्रदर्शनात टेबलावर छोटा करून उभारला. पूल, बोगदा, कापसाच्या बर्फात आमचं घर, अंगणातल्या बांबूवर नखाएवढी लाल दुलई. मी भाताचे मुटके घेऊन पोचले, तर अध्यक्ष कुवाबारा चिमटा उगारून उभे. “एवढ्या बर्फात दुलई कोण वाळत घालतं? काढा, नाहीतर बक्षीस विसरा!” कुणाला उलट न बोलणारे हे म्हणाले, “बक्षीस ठेवा तुमच्याकडे. माझ्या गाडीतून रोज दिसायची.” माझे कान तापले. ह्यांच्या गाडीच्या वेळेला मी ती मुद्दाम टांगायचे. वाटायचं, ह्या माणसाला सिग्नलपलीकडे काही दिसतच नाही. “राहू द्या,” मी म्हटलं, “त्या बाईला अक्कल नव्हती, पण वेळ कधी चुकली नाही.” इंजिन पुसत हे हसले. “माहीत आहे. तेवीस वर्षं ती ओली दुलई मीच पांघरलीय.”