ओटीचा मान

विशाखाचं, माझ्या धाकट्या लेकीचं, लग्न झालं त्याच वर्षी सुनेला पुन्हा दिवस गेले. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. या वेळचं बाळ मात्र निरोगी होतं.

सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. तरुणपणी माझेही गर्भ पडले होते, तेव्हापासून सासूबाई मला कुणाच्या ओटीला हात लावू देत नसत. मी सवयीनं मागे उभी राहिले.

पाटावर बसलेली सून म्हणाली, "आजी, तपासणीत कळलं, गर्भ पडतात कारण गुणसूत्रांचे दोन तुकडे जागा बदलून बसलेत. माझे नाहीत, आईंचेही नाहीत. ते ह्यांना बाबांकडून आले, आणि बाबांना तुमच्याकडून."

सासूबाई पदर तोंडाला लावून खो खो हसल्या.

"अगंबाई! म्हणजे खोट माझी, आणि बोलणी हिनं खाल्ली?" त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "भर गं. पहिला मान तुझा. आणि डॉक्टरीणबाईला सांगा, आता या वयात मला औषध नको!"

नात झाली. बारशाला सासूबाईंनीच तिला पाळण्यात घातलं. त्याच पौषात सासूबाई वारल्या.