पाच शर्ट

सामन्याला तासभर उरला होता आणि जिमसमोरच्या हॉटेलात मॅव्हिस आत्या केचपची बाटली टेबलावर उगाच फिरवत होती. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातली आजवरची सर्वांत मोठी खेळाडू आज ठरणार होती. तिचा शर्ट जिमच्या छताला कायमचा टांगणार होते. मी मत द्यायलाच निघाले होते.

"टेसाच," मी म्हणाले. "सगळे विक्रम तिचेच आहेत."

"आर्डिस," आत्या पुन्हा म्हणाली. "आमच्या वेळची."

"तिचे पॉइंट किती?"

"मुलींचे पॉइंट तेव्हा मोजत कोण होतं?"

"बरं, तिच्या शर्टाचा नंबर तरी सांग. छताला काय टांगायचं, तुझा हट्ट?"

बाटली थांबली.

"नंबर कुणाचाच ठरलेला नसायचा गं. कॉलेजनं आम्हाला पाचच शर्ट दिले होते. खेळातून बाहेर येणारीनं टॉवेलच्या आडोशाला काढून द्यायचा, आत जाणारीनं तोच घामानं ओला अंगात चढवायचा."

"मग ती सर्वांत मोठी कशावरून?"

"मी तिची बदली खेळाडू होते. कॉलेज संपेपर्यंत टॉवेल धरून बसले. तिचा शर्ट मला एकदाही मिळाला नाही."