चोवीस जीबीचं कार्ड

स्मृतीने तक्ता रविकिरण सरांच्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. दोन ग्राफिक्स कार्डं, आठवडाभराची चाचणी, सगळं एका पानावर मावलं होतं.

"तोंडी सांग," सर म्हणाले. "पान मी नंतर बघतो."

तिने सांगितलं. पहिल्या कार्डाला सोळा जीबी मेमरी, दुसऱ्याला चोवीस. पहिलं वीज कमी खातं, त्याच्या पंख्याचा आवाजही कमी. पण बोम्मसंद्राच्या त्या मोठ्या गृहसंकुलाचं चित्र काढायला ते चौतीस मिनिटं घेतं, आणि बागेतली सगळी झाडं घातली की मेमरी संपून मध्येच बंद पडतं. दुसरं तेच चित्र झाडांसकट बारा मिनिटांत काढून देतं.

"तोटा काही?"

"लांबीला जास्त आहे. आपल्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवायला आतला एक खण काढावा लागेल. पॉवर सप्लायही बदलायला हवा. पण सर, घ्यायचं तर हेच घ्या."

मल्लेश्वरममधल्या त्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत, अजून बांधलीच नाहीत अशा घरांची खऱ्यासारखी चित्रं तयार होत. ती करणाऱ्या दोघीच होत्या, निवेदिता आणि स्मृती. रिकाम्या भिंतीवर उन्हाची तिरीप कशी पाडायची, हे स्मृतीला निवेदितानेच शिकवलं होतं.

सरांनी कॉफीचा घोट घेतला. "म्हणजे आत्ता तुम्ही दोघी दिवसभरात जेवढं करता, तेवढं ह्याच्यावर एकटी करू शकेल?"

"आरामात," स्मृती म्हणाली.

सर मान हलवत राहिले. आपण काय बोलून बसलो, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"सरी, ठीक आहे. एकच कार्ड घेऊ, एकच मशीन ठेवू," सर म्हणाले. "आता कार्डांचं सांगितलंस तसंच स्पष्ट सांग. त्याच्यासमोर बसायचं कुणी?"

"ते मी कसं सांगणार, सर?"

"स्वल्प विचार कर. घाई नाही. माझ्यावर सोडलंस तर मी निवेदितालाच ठेवीन. तिच्या कामाला सफाई जास्त आहे. हे तुलाही ठाऊक आहे."

काचेपलीकडे निवेदिता पाठमोरी काम करत होती. स्मृतीने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"तिचा उजवा हात दुखतो," ती म्हणाली.

"दुखतो म्हणजे?"

"बोटं बधिर होतात. डॉक्टरांनी तीन महिने माउसला हात लावू नका म्हणून सांगितलंय. मनगटाला पट्टा बांधते ती. दिसू नये म्हणून लांब बाह्या घालते."

सरांनी पेन उचललं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून." मग कुणी विचारलं नसतानाही ती पुढे बोलली, "मागच्या महिन्यात दोन चित्रं उशिरा गेली ना, ती त्यामुळेच. त्यातलं एक मीच पुरं केलं."

"बिचारी," सर म्हणाले आणि तक्त्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. "तिला विश्रांती हवीच. बरं झालं सांगितलंस."

जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी निवेदिताला आत बोलावलं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली.

"महिनाअखेरपर्यंत ये म्हणाले," ती म्हणाली. "हाताला आराम दे, जिवापेक्षा काम मोठं नाही, असं सगळं. फार प्रेमाने बोलले गं."

स्मृतीने हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

"पण त्यांना कळलं कसं?" निवेदिता म्हणाली. "मी घरीसुद्धा नीटसं सांगितलेलं नाही. एक तुला तेवढं माहीत होतं."

"तूच कुणाकडे तरी बोलली असशील, अक्का. जेवताना वगैरे. तुझ्या लक्षात नसेल."

निवेदिता तिच्याकडे पाहत राहिली. स्मृतीने नजर वर केली नाही. स्क्रीनवरची झाडांची एक रांग तिने उगाच उजवीकडे सरकवली, मग पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

"असेल," निवेदिता म्हणाली.

मग तिने खुर्ची स्मृतीच्या शेजारी ओढली आणि डाव्या हाताने माउस धरून आपलं अर्धवट राहिलेलं चित्र उघडलं. दहाव्या मजल्यावरची बाल्कनी, दोन कुंड्या, वेताची एक खुर्ची.

"हे सकाळचं दाखवायचंय, पण बाल्कनी आहे पश्चिमेला, आणि मी ऊन थेट आत घेतलंय. बिल्डरच्या लक्षात येणार नाही. राहायला येणाऱ्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात येईल. म्हणून आधी ऊन बदल. मग पडदे. काच अगदी शेवटी कर, नाहीतर सगळं पुन्हा करत बसावं लागतं. आणि भिंतीचा पांढरा रंग कधीच पूर्ण पांढरा ठेवायचा नाही, त्यात थोडा..."

"हळू सांग," स्मृती म्हणाली. तिने वही ओढली आणि लिहून घेऊ लागली.