वाटून घेतलेला चढ

अभयारण्यातली पायवाट भालचंद्रराव तरातरा चढत होते आणि दर वळणावर बायकोला टोमणा मारत होते, "अगं सुलभा, हृदयाचं ऑपरेशन माझं झालंय की तुझं?"

खिंडीत सुलभाताई मटकन खाली बसल्या. तिथल्या चौकीवरच्या वनरक्षक मुलीने दोघांच्या मनगटावरचे, थकवा एकमेकांत वाटणारे पट्टे तपासले आणि ती रागावली. "काका, तुमचा सगळा थकवा काकूंच्या अंगात जातोय. निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा असतो!"

"मीच तसं लावलंय," सुलभाताई धापा टाकत म्हणाल्या. "ह्यांना एकदा शिखरावर जायचं होतं."

भालचंद्ररावांनी पट्टा सोडला. त्यांचा थकवा एकदम परत अंगावर आला आणि ते सुलभाच्या शेजारी कोसळल्यासारखे बसले. तिने पाण्याची बाटली पुढे केली. ती घेताना त्यांना तिच्याकडे बघवेना.